एकशे चाळीस

एकोणतीस मार्च. अंबड एमआयडीसीत वीज गेलेली.
खैरनार साहेबांच्या केबिनमध्ये पंखा थांबलाय
आणि माझा लॅपटॉप बॅटरीवर बोलतोय:
दोनशे लायसन्स, तीन वर्षांचा करार,
आज सही झाली तर अठरा टक्के सूट,
एक तारखेनंतरचं मी काही सांगू शकत नाही.

(एक तारखेलाही हीच सूट मिळाली असती.
मिळते. नेहमी मिळते.)

बाहेर स्टोअरमध्ये दुसाने काका
पेन्सिलीने रजिस्टरात उतरवत होते
व्हॉल्व्ह, गॅस्केट, नट, तीन इंची, सव्वातीन इंची.
वीज गेल्याचं त्यांना कळलंच नव्हतं.

येता येता मी माणसं मोजली होती. सवयच आहे.
कॉम्प्युटरला हात लावणारी साठ.
फार तर पासष्ट, कॅन्टीनचा पोऱ्या धरून.

"पुढे वाढणार आहात ना, सर?"
या प्रश्नाला नाही म्हणणारा माणूस
मला चौदा वर्षांत भेटलेला नाही.
खैरनारांनी खिडकीतून शेजारचा मोकळा प्लॉट बघितला,
बाभळी, पत्र्याचं कुंपण,
म्हणाले, शंभर टक्के,
आणि पेनाचं टोपण काढलं.

मुंबई नाक्याच्या सिग्नलला असतानाच ग्रुपवर
अंगठे, रॉकेटं, एक नाचणारं अस्वल.
कॉलेज रोडला एकटीनंच मिसळ खाल्ली,
तर्री दोनदा मागवली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

कमिशन जूनमध्ये येतं.
स्लिपवर माणूस नसतो, खाते क्रमांक असतो.
त्यातून पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटचे दोन हप्ते,
ईशानचा चष्मा, आईच्या गुडघ्याची सुई.
आणि त्याआधीच, एक एप्रिलला,
आम्हाला सगळ्यांना पुन्हा जन्माला घातलेलं असतं.
मागच्या जन्मीचं पुण्य जमेस धरत नाहीत.
टार्गेट तेवढं तीस टक्के वाढलेलं.

अप्पा भांडी बाजारात दुसऱ्याच्या दुकानी
तराजूवर बसायचे. पितळ वजनावर जायचं.
पगार बांधलेला, दिवाळीला एक डबा.
गिऱ्हाइकानं मोठा हंडा उचलला
की विचारायचे, घरात माणसं किती?
पाच, म्हटलं की हंडा परत फळीवर.
शेठ आतून खाकरायचा.
मला त्यांनी कधी काही शिकवलं नाही हं,
नुसता हाताला वास यायचा संध्याकाळी,
चिंचेचा आणि पितळेचा.

आज तीन वर्षांनी खैरनारांचा फोन.
नवा ऑडिटर विचारतोय म्हणाले,
हे एकशे चाळीस कोण?
दुसाने काकांना धरून साठच भरतात.
काका शिकले बरं का, एका बोटानं.
रजिस्टर मात्र ठेवतात अजून.
मॅडम, तुम्हीच सांगा, रिन्यू किती करू?

मी गंगापूर रोडला गाडी कडेला घेतली.
आकडा कमी झाला तर वजाबाकी माझ्या नावावर,
सहा वाजता पुण्याहून कॉल,
खैरनारांचं अकाउंट कमिट आहे ना, विचारतील,
आणि त्या कॉलवर
बहुतेक हा शब्द चालत नाही.

मला ते एकशे चाळीस दिसतात कधीकधी.
त्या मोकळ्या प्लॉटवर, बाभळीखाली, ओळीनं बसलेले,
प्रत्येकाला लॉगिन आहे, पासवर्ड आहे,
दर नव्वद दिवसांनी तो बदला म्हणून मेल जातो,
डबा कुणाकडेच नाही.

"सर," मी म्हटलं,
"पुढे वाढणार" इथवर जीभ आपोआप गेली.
गिळलं.
"माणसं किती आहेत?"

फोनवर बराच वेळ कॉम्प्रेसरचा आवाज.
मग खैरनार केबिनबाहेर पडले असावेत,
कारण चपला वाजल्या, आणि ते मोठ्यानं मोजू लागले,
दुसाने काका एक,
स्टोअरमधली नवी पोरगी दोन,

सहा वाजून दोन मिनिटं. दुसरा कॉल येतोय, स्क्रीन थरथरतेय.

अकरा, म्हणाले ते. थांबा हं. बारा.