पायलीभर बाजरी

सराफ बाजाराची शटरं उघडायच्या आधी
सुपडू गटारीच्या काठाला उकिडवा बसलेला असतो.
लोखंडी घमेलं, झिजलेला कुंचा,
दोरीला बांधलेला एक चुंबक.
आमच्या कारागिरांच्या कानशीतून जे उडतं,
पायपुसण्याला, विडीच्या थोटकाला चिकटून बाहेर जातं,
ते तो चिखलातून परत बोलावतो.
गुंजभर. कधी निम्मी गुंज.
कधी नुसती काळी रेती.

मी समोरच्या पेढीचा मुनीम.
एकतीस वर्षं दिवसा तोळे लिहिले दुसऱ्यांचे,
आणि रात्री, छताकडे बघत, स्वतःचे.
जळगावच्या मे महिन्यात पंख्याची हवासुद्धा भाजते;
माझी झोप मात्र डिसेंबरातही तापलेली.
मनःशांतीच्या शिबिराला तीनदा जाऊन आलो.
तिसऱ्यांदा चप्पल चोरीला गेली,
ती अजून आठवते. शिबिरातलं काही नाही.

मग एका दुपारी पालिकेनं गटारीवर सिमेंटचे ढापे टाकले.
सुपडूचा धंदा झाकला गेला.
मी चहा घेऊन गेलो,
वाटेत सांत्वनाची दोन वाक्यं जुळवत.
तो ढाप्यावरच बसून कळण्याची भाकरी खात होता,
ठेच्यानं डोळ्यांत पाणी, आणि तोंडभर हसू.
घोर लागत नाही का रे, मी विचारलं.
"मी ते मना नहीच, भाऊ," तो म्हणाला,
"मी इकाई जायेल शे."

आधीची तीन लेकरं गेली होती.
म्हणून बाराव्या दिवशी आईनं याला सुपात घातलं
आणि शेजारच्या झेलाबाईला विकलं,
पायलीभर बाजरीला.
मरण दारात आलंच तर त्याला सांगायला,
की इथं आमचं कोणी नाही, पुढच्या घरी विचार.
म्हणून नाव सुपडू.
मांडीवर घेऊन भरवतानाही आई बजावायची:
तू लोकांचं लेकरू, सांभाळायला ठेवलेलं.

झेलाबाई मरायला टेकली तेव्हा हा गेला.
उशाशी बसून म्हणाला, माय, तुझ्यामागं मी कोणाचा?
म्हातारीला दम लागेपर्यंत हसू आलं.
"बाजरी कुठे व्हती रे मनाजोडे?
ती बी उसनीच आनेल व्हती."
कोणाकडून, ते आठवेपर्यंत ती गेली.

"आते सांगा," सुपडू बोटं चाटत म्हणाला,
"धनीना पत्ता नही."
म्हणून समोर येईल त्याच्याशी तो जपून वागतो,
भिकाऱ्याशी, हवालदाराशी.
ढापे टाकणाऱ्या पोरांना
त्या दुपारी पाणी यानंच पाजलं होतं.
न जाणो,
बाजरी त्यांच्याच घरची असेल.

परवा घमेलं डोक्यावर घेऊन
तो भुसावळच्या एसटीत चढला.
तिथली गटारं अजून उघडी आहेत म्हणे.

रात्री मी जुनी खतावणी काढली.
माझ्या आईनं मला कोणाला विकलं नव्हतं;
माझं नाव मधुसूदन.
तरी कोऱ्या पानावर लिहीत गेलो:
विषमज्वरात अकरा रात्री जागलेला तो कंपाउंडर,
फैजपूरचा,
ज्याचं नावही मी विचारलं नाही.
पेढीवर माझ्यासाठी शब्द टाकणारे कासम टेलर.
मी तिसरी भाकरी मागितली की
"मला भूकच नाही" म्हणणारी बायको.
पान भरलं, उलटलं, तेही भरलं.
माझ्या जमेला सापडली ती फक्त माझी काळजी.
तिचं वजन किती लिहायचं?

बेरीज केली नाही.
आयुष्यात पहिल्यांदा खतावणी तशीच उघडी टाकली
आणि आत जाऊन विचारलं,
तुझं पोट भरलं होतं का गं आज?
ती कुशीवर वळली, म्हणाली,
काय झालंय तुम्हाला? झोपा.

पंखा तीच भाजकी हवा फेकत होता.
मी खाली चटईवर आडवा झालो,
आणि छताकडे बघायचं
राहूनच गेलं.