तिसरा कप्पा, सातवी ओळ

ग्लॅडिओलसची पाती आधी सांगतात.
कुंपणाशी मोईनुद्दीनने लावलेला हा वाफा
शोभेसाठी नाही. कळ्या आल्या की तो खुडून टाकतो,
त्याला हवी असतात फक्त पात्यांची टोकं.
काल मला बोलावून त्याने बोट दाखवलं:
टोकाशी भाजल्यासारखी तपकिरी कड,
नखातल्या मळाएवढी.

धुराड्यावरच्या यंत्राचा आकडा मात्र हिरवाच.
खलफानने आधी आकड्याकडे पाहिलं, मग पात्याकडे,
मग माझ्याकडे.
"घोसाळकर, आज रात्री."

ऑगस्टातली सोहारची रात्र
न वाळलेल्या गोधडीसारखी अंगावर पडते.
समुद्र जवळच आहे.
पाच वर्षांत मी तो नाकानेच ओळखतो.

पॉटरूममध्ये विजेची अशी ओढ
की पट्ट्याचं बक्कल आपोआप वळतं,
घड्याळं बंद पडतात म्हणून कुणी घालत नाही.
ओळीने भट्ट्या, प्रत्येकीवर झाकणं.
झाकण नीट बसलं नाही की भट्टी बाहेर श्वास टाकते.
तो श्वास काच खातो. हाडात शिरतो.
मागच्या अंगणात एक जुनी बस आहे,
तिच्या खिडक्या कितीही पुसा, धुरकटच.

आमचं काम एवढंच:
तो श्वास पाइपात ओढायचा
आणि पांढऱ्या भुकटीतून न्यायचा.
तीच भुकटी, जिचं उद्या ॲल्युमिनियम होणार.
आधी ती विष पिते, मग भट्टीत उतरते.
हे पहिल्यांदा समजलं त्या दिवशी
जेवताना माझा घास हातातच राहिला होता.

मग पिशव्या. फेल्टच्या, दोन पुरुष उंच,
शेकड्यांनी टांगलेल्या.
थोड्या थोड्या वेळाने हवेचा झटका, फट्,
कुणी अंधारात सतरंज्या झटकतंय जणू.

एक वाजता तिसरा कप्पा बंद केला.
चमकणारी पूड आत सोडली, पंखा दोन मिनिटं,
मग वरचं झाकण उघडून जांभळा दिवा.
सगळं काळं. ओळीमागून ओळ काळी.
वर्गीस दोरी धरून मल्याळममध्ये मोजत होता,
मी मराठीत. दोघांचा आकडा चुकला.
पुन्हा पहिल्यापासून.
सातव्या ओळीत, अकराव्या पिशवीच्या तोंडाशी
पोपटी उजेड सांडलेला.

पिशवी ओढून काढली, ती माझ्यावरच पडली,
मेलेल्या जनावरासारखी जड.
शिवण उसवली होती. दोन बोटं.
दोन बोटांच्या भोकातून निघून कुंपणापर्यंत,
आणि कुंपणापलीकडे खजुराच्या बागा,
बकऱ्या, बकऱ्यांचं दूध, ते पिणारी घरं.

नवी बसवली. कडी टक् वाजली.
दिवा पुन्हा फिरवला. काळं.

गंधकाचा वायू यातून थांबत नाही,
मी खोटं कशाला सांगू.
त्याला समुद्राच्या पाण्याने धुणारा मनोरा लागतो.
पुढच्या बजेटात आहे, असं
तीन बजेटं ऐकतोय.

पहाटे वृषालीचा फोन: "रात्रभर काय केलंत?"
"पिशवी बदलली."
"एकच?"
एकच.
धुराड्यातून दिसण्यासारखं काही निघत नव्हतं.
कालही निघत नव्हतं.

मोईनुद्दीनने करपलेली पाती कापली नाहीत,
लाल दोरा बांधला, तारखेची चिठ्ठी अडकवली.
म्हणाला, आता नवीन येईल ते बघायचं,
पंधरा दिवस तरी लागतील.
तोवर आकडा हिरवा.