अर्थ

गाडी दोन हजार नऊची ओम्नी, तिसऱ्या हाताची.
मागची सीट काढून तिथं भाकरीच्या बुट्ट्या.
गल्लीतून महिन्यात दोन बॅटऱ्या गेल्या, त्यातली एक माझी.
पुण्याहून भाच्याचा फोन: मावशी, माणूस लाव,
स्वतः उघडू नको, वॉरंटी जाते.
कसली वॉरंटी रे,
हिचा पहिला मालकसुद्धा गेला.

उद्यमनगरात शब्बीर मुल्लाणीनं
सायरन हातावर तोलला, म्हणाला, बसवायचे सातशे.
सातशे?
याच रस्त्यावर चौदा वर्षं मोटारी भरल्यात मी,
विहिरीवरच्या, गिरणीच्या,
एकदा तर टॉकीजच्या पंख्याची.
तांब्याचे वेढे मोजताना ओठ हलवावे लागायचे नाहीत,
अंगठ्यालाच आकडा कळायचा.
नऊ वायरींचं हे झिंगाट
मला कोण शिकवणार?

रविवारी भाकरी बंद.
क्लचपाशी डोकं, पाय दाराबाहेर रस्त्यावर,
तोंडात बॅटरी धरलेली, लाळ कानापर्यंत.
सोबतचा कागद चिनी,
चित्रातली गाडी कुणा श्रीमंताची.
येणारं जाणारं वाकून बघायचं,
आक्का, पडलीस का?
पडले नाही, म्हटलं, बसवतेय.
संध्याकाळी बटण दाबलं
आणि ओम्नी अशी टाहो फोडून ओरडली
की समोरच्या गॅलरीतलं वाळत घातलेलं लुगडं खाली आलं.
(लुगडं वाऱ्यानं आलं असेल. मी माझ्या बाजूनं सांगतेय.)

पहाटे चार.
चौगल्यांची चंद्री गंगावेशीकडं निघालेली,
रोजच्यासारखी माझ्या बंपरला पाठ घासायला थांबली.
पुढचं सगळ्या पेठेनं ऐकलं.
म्हैस उधळली, किटली सांडली,
मी चावी शोधतेय, चावी भाकरीच्या पिठात.
दुसऱ्या रात्री म्हैस नव्हती, तरी ओरडली.
तिसऱ्या रात्री माणूसही नव्हता, वाराही नव्हता.
चौथ्या दिवशी चौगल्यांचा म्हातारा दारात:
आता खरा चोर आला ना आक्का,
तर एकजण उठायचं नाही बघ.

गेले मग. मान खाली घालून नव्हे,
पण तिसऱ्या गिअरमध्येही नव्हे.

शब्बीरनं डॅशखाली हात घातला.
हसेल, म्हणून मी आधीच तोंड वाकडं करून ठेवलेलं.
तो म्हणाला, जोड कुणी मारलेत? झकास आहेत.
मग काळ्या वायरीच्या मुळाशी नख नेलं,
अर्थ कुठं दिलाय बघा. रंगावर.
रंगावर अर्थ लागत नाही, आक्का.
पत्रा उघडा करावा लागतो.
कानस घेतली, रुपयाएवढा निळा रंग खरवडला,
खाली चकचकीत लोखंड,
तिसऱ्या मालकीणीनं पहिल्यांदा पाहिलेलं.
स्क्रू आवळला. सेन्सरचा खिळा अर्धा फिरवला.
दहा मिनिटं. दोनशे.

आणि मी, जिला चौदा वर्षं लोक म्हणत आले,
नुसती तार तर गुंडाळायची, एवढे कशाचे,
मी म्हटलं, दहा मिनिटांचे दोनशे?
दीडशे घे.
त्यानं घेतले.
उमा टॉकीजच्या सिग्नलला उभी होते तेव्हा
ते पन्नास रुपये माझ्या ब्लाउजमध्ये
गरम भाकरीसारखे भाजत होते.
मागं वळले नाही. सिग्नल सुटला होता.
मागचे हॉर्न मारत होते.

आज पहाटे चारला आपोआप जाग.
गल्ली गप्प. चंद्री आली,
पाठ घासली, पुढं गेली.
काही नाही.
पाच मिनिटं पडून राहिले. मग वाटलं,
इतकी गप्प कशी?
चप्पल न घालता खाली उतरले,
इकडंतिकडं बघितलं
आणि चाकाला एक सणसणीत लाथ घातली.

सगळ्या खिडक्यांत दिवे.
आक्का, परत?
चालू आहे, मी ओरडले, झोपा,
चालू आहे!