बाटली क्रमांक सतरा

ओवळ्याच्या साइटवर, केबिनच्या खिडकीत
मी बाटल्या मांडते.
अर्ध्या लिटरच्या, लेबल सोललेल्या.
प्रत्येकीवर मार्करने तारीख, वेळ, किती मिनिटं कोसळला,
आणि फाटकाखालून निघताना पाण्याचा रंग कोणता.
रंगाच्या रकान्यात आधी लिहिलं होतं, 'चहा'.
मग, 'दूध जास्त झालेला चहा'.
पेडणेकर साहेब म्हणाले, मॅडम, हे हॉटेल नाही.
आकडा लिहा.

आकडा असा:
एका रात्रीत, दोन तासांत
डी विंगच्या खणलेल्या उतारावरून
अंदाजे दोन डंपर माती
स्वतःच्या पायांनी
घोडबंदर रस्ता ओलांडून गेली.
डंपरने न्यायची तर परवाना लागतो,
रॉयल्टीची पावती लागते, वर ताडपत्री लागते.
हिला कोणी हटकलंही नाही.

कुंपण होतं की. हिरव्या कापडाचं,
वरून ताठ, खालून मोकळं,
बाळाच्या झबल्यासारखं.
पाण्याला वाकावंसुद्धा लागलं नाही.

सोजरबाई वाघचौरे सिमेंटच्या रिकाम्या गोण्या झटकत होत्या.
खिडकीकडे बघून म्हणाल्या,
"लोणचं घातलंय का, बाई?"
मग जवळ येऊन एक बाटली हलवली,
बराच वेळ बघत राहिल्या.
"याला ताल पायजे. कापडानं काय व्हतंय."

आष्टीकडच्या डोंगरांवर अकरा उन्हाळे
त्यांनी चर खणलेत.
जेवणाच्या सुट्टीत सेंट्रिंगमधून तीन बांबू ओढले,
सुतळीने बांधून इंग्रजी ए उभा केला,
शेंड्यावरून दोरी, दोरीला दगड.
आमच्याकडे लेव्हलचं यंत्र आहे,
यंत्राला पेटी, पेटीला कुलूप,
किल्ली सर्व्हेअरकडे, सर्व्हेअर गावाला.
दगड डुलला, डुलला,
आडव्या दांडीवरच्या खुणेशी येऊन थांबला.
चुन्याची चिमूट. पुढचं पाऊल. पुन्हा चिमूट.
असं करत सोजरबाईंनी
चाळीस मजल्यांच्या जागेवर
एक रेघ ओढली, जी कुठल्याच नकाशात नव्हती:
पार वाकडीतिकडी
आणि पूर्ण सपाट.

त्या रेघेवर डबर रचला. फटींना खडी.
कापडाची कड वीतभर पुरली.
उघड्या उतारावर काथ्याची जाळी, जाळीत गवताचं बी,
फाटकाशी गाळ बसायला खड्डा.
पेडणेकरांनी बिल उलटसुलट करून विचारलं,
याने किती मजले वाढणार?

रविवारी मी गायमुखला उतरले,
आमचा नाला खाडीला मिळतो तिथे.
हिराजी नाखवांनी वल्हं चिखलात खुपसलं,
कोपरापर्यंत गेलं.
"वरचा लाल आहे ना, तो तुमचा.
त्याच्याखाली काळा लागतो, तो आमचा."
तिवरं श्वासासाठी मुळं वर काढून उभी असतात.
कितीतरी मुळांच्या टोकांवर
आमची डी विंग बसली होती.

एकोणतीस जुलै, पहाटे चार.
ताल एका जागी फुटला.
वॉचमन रियाझुल, सोजरबाई आणि मी,
कमरेला गोणपाट, हातात बॅटरी,
त्यांच्या शिव्या पाण्याला, आष्टीला,
कोकणातल्या सगळ्या ढगांना.
उजाडताना फाटकाखाली बाटली धरली.

सतराव्या बाटलीतून
पलीकडची क्रेन दिसली.
पिवळी, मधेच मोडल्यासारखी,
पण दिसली.
रकान्यात 'पातळ ताक' लिहिलं, खोडलं,
आकडा लिहिला.
दुपारपर्यंत तळाशी बसला
करंगळीच्या नखाएवढा येऊर.

गणपतीनंतर सोजरबाई काल्हेरच्या साइटवर गेल्या.
बांबू सेंट्रिंगला परत लागले,
आता सातव्या स्लॅबखाली कुठेतरी असतील.
दगड मी ठेवून घेतला.
नोंदवहीची पानं उडतात,
असं पेडणेकरांना सांगितलं.