फाया

चोपड्याहून पहिली गाडी, शिरपूरला बदलून थाळनेर.
मांडीवर उशीचा अभ्रा, अभ्र्यात अब्बांनी पिंजलेला
शेवटचा कापूस. दीड पाव असेल,
हाताला वजन म्हणून लागत नव्हतं.
शेजारची म्हातारी वाकून म्हणाली, "कोंबडी शे का यामा?"
मी म्हटलं, नाही, वडील आहेत.
ती जरा सरकून बसली.

रुकनोद्दीन पिंजारी. खांद्यावर कमान टाकून
चाळीस वर्षं गल्ल्या हिंडले.
तातीच्या टणत्कारानं आधी कान गेले,
मग छातीत रुई बसली.
उरुसाला कधी जाणं झालं नाही,
उरूस लग्नसराईत यायचा
आणि लग्नसराईत गाद्या.
फक्त म्हणायचे, घाटावरच्या पिराजवळ
माझ्या हातच्या कापसाची एक वात लागली पाहिजे.
म्हणायचे म्हणजे ओरडायचे.
बहिरा माणूस नवससुद्धा
सगळ्या गल्लीला ऐकवूनच बोलतो.

दर्ग्याच्या पायरीवर चपला काढल्या.
आत बायकांना नाही, मला ठाऊक होतं,
चौकटीपाशी थांबले. जाळीतून
हिरव्या चादरीचं एक टोक दिसलं,
आणि मोरपिसांचा कुंचा, आणि दोन एलईडी बल्ब.
मुजावर नजीरबाबा बाहेर आले.
"वात?" ते म्हणाले, "बेटी, तीन वर्षं झाली,
वात बंद आहे. काजळीनं फरशी काळी होते.
आता मीटर घेतलंय."
त्यांनी मीटर दाखवला. खरंच होता. फिरत होता.

मी काही बोलले नाही.
अभ्रा तसाच धरून उभी राहिले.
मागे रांगेत केळीच्या ट्रकचा एक ड्रायव्हर,
साताऱ्याची माळ विकणाऱ्याला सुटे मागणारी पावरा बाई,
कडेवर पोर, पोराच्या नाकाला शेंबूड.
नजीरबाबांनी अभ्र्यात हात घातला,
कापूस चिमटीत धरला, उजेडाकडे केला.
"सरकी एक नाही," म्हणाले,
"असं पिंजणारं आता कोण राहिलंय?"
आणि कोनाड्यातली खसाची कुपी काढली.

बोटाएवढा फाया, अत्तरात बुडवलेला,
ड्रायव्हरच्या कानाच्या पाळीत.
पावरा बाईच्या. पोराच्या, तो हसला.
एका पोलिसाच्या, टोपी काढून.
मी बघत राहिले:
ज्या कमानीनं अब्बांचे कान नेले
तिचा कापूस एकेका कानाशी
जाऊन बसत होता.
दुपारपर्यंत अभ्रा निम्मा झाला.
नजीरबाबांची बायको, हुरमतबी, आतून चहा घेऊन आली.
"बठ ना माय," म्हणाली, "उनी तशी उभीच शे."

मग जुन्या मशिदीत गेले. हौद कोरडा,
तळाशी चिंचोके आणि एक प्लास्टिकचा तांब्या.
नळाच्या पाण्यानं वुजू केलं.
एका खांबाला गार पाठ लावून
दोन रकात पढले, मधेच मोजणी चुकले,
पुन्हा पहिल्यापासून पढले.

तिथून सुलतानांच्या कबरींकडे.
काळ्या दगडाचे घुमट, एक आठ कोनांचा,
त्याच्यावर वेल कोरलेली, फूल एवढं बारीक
की कोरणाऱ्याचे डोळे गेले असतील.
आत कोण झोपलंय, राखणदाराला विचारलं.
"राजे," तो म्हणाला. कुठले?
"जुने."
इथे मीटर नव्हतं. काजळीची भीती नव्हती.
मी पणती आणली होती, तेलही होतं.
वात वळली, काडी ओढली,
तापीवरून वारा आला, विझली.
दुसरी ओढली. तीही.
तिसरी काडी मी ओढली नाही.
अब्बा असते तर ओरडले असते, राहू दे गं!
वात पणतीत तशीच ठेवली, पांढरी,
फातेहा पढला, आधी त्यांच्या नावानं,
मग ज्यांची नावं राखणदाराला माहीत नव्हती त्यांच्या.

परतीच्या गाडीत खसाचा वास होता.
कुणाच्या कानातून येत होता, कळेना.
कंडक्टर समोर उभा राहिला. मी म्हटलं, चोपडा.
सगळी गाडी वळून बघायला लागली.
एवढ्या मोठ्यानं मी
घरीच फक्त बोलायची.