देवास नाका

हकीमुद्दीन खाचेत रुपया उभा करून बघतो.
म्हणतो, पुढचा डावा बाहेरून झिजलाय,
रोज एकाच उजव्या वळणाला घाई करता तुम्ही.
खरंय. पलासियाला, शाळेची घंटा व्हायच्या आत.

मी विचारते, फिरवून काय मिळतं?
साडेतीनशे रुपये, तासभर ऊन,
आणि चाकं शेवटी त्याच रस्त्यावर.

तो हसत नाही. जॅक लावतो.
'मॅडम, फोर बाय फोर आहे. एक चाक ठेंगणं राहिलं
तर लीव्हर ओढताच आतले गिअर भांडतात.
आवाज येत नाही. बिल येतं.'

चार वर्षांत दोनदा ओढलाय तो लीव्हर:
एकदा चोरलच्या चिखलात,
एकदा नणंदेच्या नवऱ्याला दाखवायला.

मागचे सरळ पुढे, पुढचे तिरके मागे.
स्टेपनीपाशी तो थांबतो.
चार वर्षांची झाली, अंगावर अजून
रबराचे बारीक केस,
न काढलेलं जावळ.

'हिला पहिल्यापासून फिरवायची होती.
आता चौघांत उंच पडेल.'
आणि मागच्या दाराचे नट पुन्हा आवळतो.

तो सुटे शोधायला आत जातो.
मी त्या केसांवरून बोट फिरवते,
उगाच.