गेल्या दोन आठवड्यांत

रायबंदरच्या फार्मासीत माझ्या काउंटरवर
लोक हल्ली दुखणं सांगत नाहीत, नाव सांगतात.
इनास म्हणतो, पोराला बायपोलर झालाय,
सकाळी गोड बोलतो, संध्याकाळी दार आपटतो.
वय विचारलं. चौदा.

कॉलेजातली ज्योवाना सॅनिटायझर घेते,
सुटी नाणी काचेवर एका ओळीत लावते,
छापे वर, सगळे छापे वर,
आणि हसून म्हणते, अंकल, माझी ओसीडी.

आमच्या घनाकाकाच्या वेळी हे नाव नव्हतं.
चोडणच्या घरामागे पहाटे चारला विहिरीवर उभा,
कोपरापर्यंत हात धुवायचा, मग परत,
मधेच कोणी शिंकलं तर पहिल्यापासून.
गाव म्हणायचं, सोवळं असावं तर असं.
त्याच्या हातचं तीर्थ घ्यायला बायका थांबत.
पळीच्या दांड्यावर रक्त दिसलं त्या दिवशी
शब्द बदलला. पिसो.
आईनं देवीला प्रसाद लावला,
तिन्ही वेळा उजवी पाकळी पडली, म्हणजे सगळं ठीक.
काका विहिरीवरच.
शेवटी बांबोळीला नेला.
फेरीबोटीत लोकांनी त्याच्यासाठी जागा केली,
हवी होती त्याहून कितीतरी जास्त जागा.

परतला तेव्हा हात भरून आले होते.
त्या हातांचं तीर्थ मग कोणी घेतलं नाही.

म्हणून ज्योवानाचा मला राग येतो.
आणि मग येत नाही,
कारण तिची नाणी मी गल्ल्यात लोटतो
तेव्हा ती बघत राहते, हसू तसंच ठेवून,
दारातून एकदा मागे वळते,
पायरीवरून परत एकदा.

हे सांगायचं राहिलं,
चवथ झाल्यापासून मीही रात्री
फोनवर नऊ प्रश्नांचा एक फॉर्म भरतो.
गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा
कशातच रस वाटला नाही? झोप? भूक?
काही दिवस. निम्म्याहून जास्त दिवस. जवळजवळ रोज.
नवव्या प्रश्नाला मी खोटं बोलतो.
यंत्राशीसुद्धा लाजतो माणूस.
बेरीज पंधरा येते, कधी सतरा.
सतरा आली की बरं वाटतं.
आता हे कुठल्या तोंडानं सांगायचं,
की आजाराचं नाव वाचून मला
आपली चिठ्ठी सापडल्यासारखं झालं,
आणि कूस बदलून तासभर झोप लागली.

ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून म्हापशाला गेलो,
शुक्रवारी, बाजाराचं निमित्त करून.
डॉक्टर कुडचडकर माझ्या मुलीच्या वयाची.
मी नाव तयार ठेवलं होतं, इंग्रजी, स्पेलिंगसकट.
तिनं ते ऐकून घेतलं, बाजूला ठेवलं,
आणि विचारलं, पहाटे किती वाजता जाग येते?
उठून काय करता? बायकोला माहीत आहे?
थायरॉइड तपासायला सांगितलं. वजन केलं.
मग नववा प्रश्न विचारला, फॉर्मपेक्षा साध्या शब्दांत.
खिडकीखाली कोणीतरी मिरच्यांची पोती उतरवत होतं.
पोती संपेपर्यंत ती थांबली.
मी खरं ते सांगितलं.

कागदावर, आजार लिहायच्या जागी,
तिनं पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढलं.
तीस वर्षं डॉक्टरांचं अक्षर लावतोय,
पहिल्याच नजरेत वाचता आलेलं हेच.
पुढच्या शुक्रवारी या, म्हणाली.
सतराचा आकडा खिशातच राहिला.

परतीच्या फेरीत शेजारची फिलू भेटली.
खंय गेल्लो?
बाजाराक, म्हटलं, केळी दाखवली.
फेरीनं धक्का सोडला, फळी वर आली,
आणि इंजिनाच्या आवाजात मी म्हटलं,
डॉक्टराकडेनूय. मनाच्या.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मग केळ्यांकडे,
आणि बाकावर जराशी सरकली.
पिशवी ठेवायला जागा केली की आणखी कशाला,
चोडण येईपर्यंत कळलं नाही.